वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण इंटरनेट नाही: आधी तुटलेली जागा शोधा

प्रश्न असा आहे: घरी फायबरची जोडणी, विंडोज ११ चा कॉम्प्युटर. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण त्याखाली ‘नो इंटरनेट’ येतं. फोन मात्र त्याच वाय-फायवर चालतो. राउटर बंद करून चालू केला की तास-दोन तास बरं चालतं, मग पुन्हा तेच. कंपनीचा माणूस म्हणतो लाइन ठीक आहे. कॉम्प्युटर फॉरमॅट करावा का?

फॉरमॅट करू नका. राउटरच्या मागचं सुईच्या छिद्रातलं रीसेट बटणही दाबू नका. त्या बटणाने फायबरच्या डब्यात (फायबरची वायर जिथे येते त्या यंत्रात) कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅनचं (कंपनीच्या जाळ्यातल्या वाटेचं) सेटिंग पुसलं जातं. मग आज एका कॉम्प्युटरवर बंद असलेलं इंटरनेट अख्ख्या घरात बंद होतं आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत बंदच राहतं. बंद करून चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

तुमचा कॉम्प्युटर आणि एखादी वेबसाइट यांच्यामध्ये चार टप्पे आहेत: कॉम्प्युटरचं स्वतःचं नेटवर्क कार्ड, तिथून राउटरपर्यंतची वाट, राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंतची लाइन, आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधणारी डीएनएस सेवा. बिघाड बहुतेक वेळा यातल्या एकाच टप्प्यात असतो आणि तो कोणता हे पाच मिनिटांत कळतं. ते कळण्याआधी केलेला कुठलाही बदल चित्र गढूळ करतो. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि इंटरनेट सुरू झालं, तरी कशामुळे झालं ते कळत नाही आणि आठवड्याने तोच त्रास पुन्हा समोर येतो.

सुरुवात फोनपासून करा, कारण ‘फोन चालतो’ हा पुरावा दिसतो तितका पक्का नसतो. वाय-फायला इंटरनेट मिळत नसेल तर आजचे फोन न सांगता मोबाइल डेटावर जातात आणि वरचं वाय-फायचं चिन्ह तसंच राहू शकतं. फोनचा मोबाइल डेटा पूर्ण बंद करा, मग त्या वाय-फायवर आधी न उघडलेली एखादी साइट उघडून बघा. उघडली नाही तर कॉम्प्युटर निर्दोष आहे, राउटर किंवा लाइन बघायची. उघडली तर मोर्चा कॉम्प्युटरकडे वळवा. एवढ्या एका परीक्षेने निम्मं काम होतं.

चार पिंग, ठरलेल्या क्रमाने

पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला छोटी हाक मारून उत्तर येतं का ते बघणं. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. या उत्तरात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या.

पहिली आज्ञा आयपीकॉन्फिग, मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ऑल. बरीच माहिती येईल. तुम्ही ज्याने जोडलेले आहात, म्हणजे वाय-फाय किंवा इथरनेट, त्याच्या खाली चार ओळी बघा: आयपीव्ही४ पत्ता, डीफॉल्ट गेटवे (राउटरचा पत्ता), डीएचसीपी सर्व्हर (उपकरणांना पत्ते वाटणारा) आणि डीएनएस सर्व्हर. या चारही ओळींचा फोटो काढून ठेवा, पुढे लागेल.

पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर इथेच थांबा. हा पत्ता राउटरने दिलेला नाही. राउटरकडे पत्ता मागितला, उत्तर आलं नाही, म्हणून विंडोजने स्वतःच घेतलेला हा पत्ता आहे. म्हणजे बिघाड कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामध्येच आहे: केबल सैल आहे, राउटरची डीएचसीपी सेवा अडकलीय किंवा त्याच्याकडचे पत्ते संपलेत. शेवटचं कारण दुर्लक्षित राहतं. काही राउटरांत वाटायला मोजकेच पत्ते ठेवलेले असतात. घरात फोन, टीव्ही, कॅमेरे, दिवे आणि पाहुण्यांचे फोन मिळून ते संपतात, आणि सकाळी उशिरा सुरू होणाऱ्या कॉम्प्युटरला काही उरत नाही. राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकला की उघडतं ते) डीएचसीपीची मर्यादा वाढवून, उदाहरणार्थ १०० ते २५० अशी करून, हा प्रश्न सुटतो.

पत्ता १६९.२५४ चा नसेल, बहुतेक घरांत तो १९२.१६८ ने सुरू होतो, तर पुढे चला. पिंग १२७.०.०.१ करा, हा कॉम्प्युटरचा स्वतःचाच पत्ता आहे. याला उत्तर आलं नाही तर विंडोजमधली नेटवर्कची मांडणीच बिघडलीय. असं क्वचित होतं. मग पिंग आणि गेटवेचा पत्ता, बहुतेक घरांत तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. मग पिंग ८.८.८.८, हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएस सर्व्हरचा पत्ता आहे. शेवटी पिंग गूगल डॉट कॉम.

गेटवेकडून उत्तर नाही, तर वाय-फाय किंवा केबल तपासा. गेटवे उत्तर देतो पण ८.८.८.८ देत नाही, तर राउटर किंवा बाहेरची लाइन. ८.८.८.८ उत्तर देतं पण नावाने केलेलं पिंग ‘कुड नॉट फाइंड होस्ट’ म्हणतं, तर डीएनएस. चारही चालतात आणि ब्राउझर मात्र उघडत नाही, तर प्रॉक्सी किंवा व्हीपीएन (तुमची विनंती मधल्या दुसऱ्या यंत्रातून नेणारी सोय), अँटिव्हायरस, घड्याळ किंवा पॅकेटच्या (माहितीच्या एकेका तुकड्याच्या) आकाराचा प्रश्न. खालचं सगळं वाचण्याची गरज नाही, तुमच्या उत्तराप्रमाणे त्या भागाकडे जा.

एक खुलासा. विंडोजचं ‘नो इंटरनेट’ हे निदान नाही. विंडोज पार्श्वभूमीवर मायक्रोसॉफ्टच्या एका ठरलेल्या पत्त्यावरून एक छोटी मजकुराची फाइल मागवतं. ती मिळाली नाही तर ते पृथ्वीगोलाचं चिन्ह आणि हा शेरा दाखवतं. व्हीपीएन, प्रॉक्सी किंवा एखादा कडक फायरवॉल ती फाइल अडवत असेल तर इंटरनेट चालू असूनही शेरा तसाच दिसतो. म्हणून चिन्हावर विसंबू नका, पिंगवर विसंबा.

एका घरात दोन राउटर

‘काही उपकरणं चालतात, काही चालत नाहीत, बंद-चालू केलं की बरं होतं’ हे लक्षण ऐकलं की सर्वात आधी विचारायचा प्रश्न: घरात फायबरच्या डब्याशिवाय दुसरा राउटर आहे का? आज फायबरचा बहुतेक प्रत्येक डबा स्वतःच राउटर असतो. त्यात वाय-फाय कमी पोचतं म्हणून लोक जुना राउटर जोडतात, आणि तो कसा जोडला यावर सगळं अवलंबून असतं.

डब्याच्या लॅन पोर्टमधून (घरातली उपकरणं जोडायच्या भोकातून) निघालेली केबल दुसऱ्या राउटरच्याही लॅन पोर्टमध्ये घातली, आणि दुसऱ्याची डीएचसीपी सेवा चालूच ठेवली, तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्याचं उत्तर आधी पोचतं त्याचा पत्ता उपकरण घेतं. फोनला खऱ्या डब्याकडून पत्ता मिळाला तर तो चालतो. कॉम्प्युटरला दुसऱ्याकडून मिळाला तर त्याचा गेटवे असा राउटर होतो ज्याला स्वतःलाच बाहेर जायची वाट नाही. बंद-चालू केल्यावर शर्यत पुन्हा लागते, कधी योग्य उत्तर आधी येतं, आणि पत्त्याची मुदत संपून तो नव्याने घ्यायची वेळ आली की पुन्हा गोंधळ. तुमच्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळतं. खात्री करायला मगाशी काढलेला फोटो आणि इंटरनेट चालू असताना तसाच काढलेला दुसरा फोटो शेजारी ठेवून बघा: इंटरनेट चालत असतानाचा डीएचसीपी सर्व्हर आणि बंद असतानाचा, हे दोन पत्ते वेगळे आहेत का? वेगळे असतील तर दोषी सापडला.

दुसरा प्रकार: केबल दुसऱ्या राउटरच्या वॅन पोर्टमध्ये (बाहेरची लाइन घ्यायच्या भोकात) नीट घातली आहे, पण दोघांचाही पत्ता १९२.१६८.१.१ आहे. मग त्या राउटरला आत आणि बाहेर एकच मोहल्ला दिसतो आणि कुठलं पॅकेट कुठे पाठवायचं हे त्याला ठरवता येत नाही. काही राउटर हा संघर्ष ओळखून स्वतःचा पत्ता बदलतात, जुने बदलत नाहीत.

दोन्हींवर चांगला उपाय एकच: दुसऱ्या राउटरच्या पानावर जाऊन त्याला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’मध्ये टाका. तो पर्याय नसेल तर त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ करा, डीएचसीपी बंद करा आणि केबल त्याच्या लॅन पोर्टमध्ये घाला, वॅन रिकामा ठेवा. पत्ता बदलण्याआधी डीएचसीपी बंद केलं तर पानावर परत जाणं अवघड होतं, म्हणून क्रम हाच ठेवा. आणि एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये गेलेली नाहीत ना, तेही बघा. साफसफाईनंतर सुटलेली केबल रिकाम्या भोकात खोचली जाते आणि अख्खं घर ठप्प होतं.

लाइन आणि फायबरचा डबा

गेटवे उत्तर देतो, ८.८.८.८ देत नाही. आता डब्यावरचे दिवे वाचा. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा. लुकलुकत असेल तर डबा कंपनीच्या यंत्राशी ओळख पटवायच्या प्रयत्नात आहे. एलओएस लाल झाला तर प्रकाशच पोचत नाही: फायबर तुटली, दुमडली किंवा जोड निसटला. इथे विंडोजमध्ये काही करण्यासारखं नाही. फक्त भिंतीपासून डब्यापर्यंतची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर बघा. कपाटामागे दाबली गेली असेल, खिळ्याभोवती तीव्र वळण घेतलं असेल, तर ते सैल करा. वळण बांगडीइतकं मोकळं हवं. प्लग काढून टोकाकडे डोळा लावून बघू नका, त्यातला लेझर डोळ्यांना दिसत नाही पण इजा करू शकतो. टोकाला बोट लावू नका किंवा फुंकर घालू नका, धुळीचा एक कण पुरतो. हिरव्या आणि निळ्या प्लगांची अदलाबदल तर अजिबात नको: हिरव्याचं टोक तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ, आणि ते एकमेकांत बसले तरी प्रकाश वाया जातो.

लाइन ‘ठीक आहे’ म्हणजे किती ठीक, हे आकड्यात मोजता येतं. डब्याच्या पानावर ऑप्टिकल किंवा पॉन इन्फर्मेशन अशा नावाखाली आरएक्स पॉवर, म्हणजे डब्यापर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, दिसते. ती साधारण उणे १५ ते उणे २५ डीबीएमच्या दरम्यान असेल तर लाइनबद्दल निश्चिंत राहा. उणे २७ च्या आसपास गेली की दिवा हिरवा असूनही जोडणी मधूनमधून सुटते, कारण नेहमीच्या डब्यांची ऐकण्याची सीमाच तिथे आहे. हा आकडा कंपनीच्या माणसाला सांगितला की संभाषणाचा सूर बदलतो. पाऊस पडल्यावर आकडा घसरत असेल तर बाहेरच्या जोडपेटीत पाणी शिरतंय.

अ‍ॅडॅप्टरकडेही संशयाने बघा. डब्यांचे अ‍ॅडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचे, १ ते २ अँपिअरचे असतात. जुना झालेला अ‍ॅडॅप्टर भार वाढला की व्होल्टेज धरत नाही आणि डबा आपोआप रीस्टार्ट होतो. संध्याकाळी सगळे घरी आल्यावरच हे घडतं म्हणून लोक लाइनला दोष देतात. लाईट जाऊन इन्व्हर्टर सुरू होतानाच्या क्षणिक खंडानेही डबा रीस्टार्ट होतो आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्यावर राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा छोटा यूपीएस पुरतो. दुसरा अ‍ॅडॅप्टर लावताना व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनेचं ध्रुवत्व छापलेल्या खुणेप्रमाणे.

राज्यात अजून बऱ्याच ठिकाणी स्थानिक केबलवाला इमारतीच्या गच्चीवरून तांब्याची लॅन केबल घरात आणतो आणि पीपीपीओई, म्हणजे युजरनेम-पासवर्डने सुरू होणारी, जोडणी देतो. तिथे विंडोज स्वतः डायल करत असेल तर जोडणी फसल्यावर दिसणारा एररचा क्रमांक मोलाचा असतो. ६९१ म्हणजे युजरनेम-पासवर्ड नाकारला, किंवा पुष्कळदा रिचार्ज संपला. ६५१ म्हणजे पलीकडून उत्तरच नाही: केबल, गच्चीवरचा स्विच किंवा त्याची वीज. नवा राउटर किंवा नवा कॉम्प्युटर लावल्यावर बंद पडलं असेल तर केबलवाल्याने जुन्या यंत्राचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची ओळख) बांधून ठेवलेला असतो. नवा पत्ता त्याला कळवा किंवा राउटरमध्ये मॅक क्लोन (जुनाच पत्ता दाखवणारं सेटिंग) वापरा. विंडोज ११ मध्ये वाय-फायसाठी ‘रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस’ चालू असेल आणि राउटरवर मॅक फिल्टर असेल, तर तेही एकमेकांशी भांडतात.

मे-जूनमधल्या विजांच्या कडकडाटात या तांब्याच्या केबलीतून येणारा झटका लॅन पोर्ट मारतो. चांगली केबल घालूनही पोर्टचा दिवा लागत नसेल तर तो गेला असं समजा. मदरबोर्ड बदलायची गरज नाही, यूएसबीला लागणारा गिगाबिट लॅन अ‍ॅडॅप्टर घ्या. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण डब्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची लॅन केबल आणि विजेचा प्लग वाहून नेतात. गडगडाट सुरू झाला की दोन्ही काढणं शहाणपणाचं. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या दमट हवेने प्लगच्या पिनांवर थर चढतो. जोड अधूनमधून सुटत असेल तर तो प्लग कापून नवा क्रिंप करा, घासत बसू नका.

केबल आणि ९४ चा आकडा

प्लॅन २०० किंवा ३०० एमबीपीएसचा, आणि वेग ९४-९५ च्या वर जातच नाही. ही कंपनीची लबाडी नव्हे. १०० एमबीपीएसचा दुवा लॅन केबलच्या चारपैकी दोनच जोड्यांवर चालतो. गिगाबिटला, म्हणजे १००० एमबीपीएसला, चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार तुटली की दोन्ही टोकं समजुतीने १०० वर उतरतात, आणि वरखर्च वजा जाता हातात ९४ उरतात. सेटिंग्जमध्ये नेटवर्क अँड इंटरनेट, मग इथरनेट इथे लिंक स्पीड १००/१०० दिसत असेल तर आधी केबल बदला. डब्याचा किंवा जुन्या राउटरचा पोर्टच १०० चा असेल तर केबलने फरक पडणार नाही, तेही तपासून घ्या.

स्वतः प्लग लावत असाल तर टी५६८बी क्रम असा, खिटी खाली आणि पिना वर धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. जोडीचा पीळ प्लगच्या जवळपर्यंत ठेवा, सव्वा सेंटिमीटरहून जास्त उलगडू नका, आणि बाहेरचं जाड वेष्टण प्लगच्या आत दाबलं गेलं पाहिजे, नाहीतर ताण थेट तारांवर येतो. स्वस्त केबलीत तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनिअम असतं. ते दोन-चारदा वाकवलं की तुटतं. कॅट५ई, अस्सल तांब्याची, एवढं बघून घ्या. कॅट६ चा घरात त्रास नाही, पण वेग त्याने वाढत नाही.

वाय-फाय

गेटवेलाच पिंग नीट जात नसेल तर इथे थांबून मोजा. पिंग -एन ५० आणि गेटवेचा पत्ता, म्हणजे ५० वेळा विचारणा. केबलवर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आत येतं, चांगल्या वाय-फायवर १ ते ५ मध्ये. ५० पैकी दोन-तीन गळत असतील किंवा मध्येच २००-३०० चे आकडे उसळत असतील तर बाहेरची लाइन कितीही चांगली असली तरी व्हिडिओ कॉल अडखळणार.

मग नेटएसएच डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस ही आज्ञा द्या. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून यासाठी लोकेशनची परवानगी चालू असावी लागते, नाहीतर नकार येतो. बँड, चॅनेल आणि सिग्नलची टक्केवारी दिसेल. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे पण आरसीसीची एक भिंतही त्याला जड जाते, २.४ लांब जातं पण इमारतीत शेजाऱ्यांच्या गर्दीत सापडतं. कॉम्प्युटर राउटरच्याच खोलीत किंवा लगतच्या खोलीत असेल तर ५, दोन भिंतींपलीकडे असेल तर २.४, आणि त्याहून लांब असेल तर केबल ओढा. २.४ वर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकीच एक निवडा, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मधलं ३ किंवा ८ ‘मोकळं’ दिसतं म्हणून निवडलं तर दोन्ही बाजूंच्या गर्दीचा त्रास होतो, कारण शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढलेले असतात. राउटर टीव्हीमागे, लोखंडी कपाटात, फ्रिजवर किंवा पाण्याच्या टाकीला लागून नको. मायक्रोवेव्ह चालू असतानाच तुटत असेल तर कारण उघड आहे, तोही २.४ वरच काम करतो.

डेस्कटॉपच्या मागे यूएसबी वाय-फायचा डोंगल लावलाय आणि शेजारच्या भोकात यूएसबी ३ ची हार्ड डिस्क? यूएसबी ३ च्या केबलीतून नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट सांडतो. मीटरभर यूएसबी एक्स्टेन्शन लावून डोंगल लांब, टेबलावर आणा. खर्च नगण्य आणि फरक लगेच दिसतो.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच वाय-फाय सुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॅप्टर्स, त्यात तुमचं कार्ड, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणारी खूण काढा. काही नव्या लॅपटॉपांत हा टॅबच नसतो. तिथे लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर घ्या. ड्रायव्हर उतरवायला इंटरनेटच नाही? अँड्रॉइड फोन केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. फोन वाय-फायवर असेल तर बहुतेक फोन तेच वाय-फाय कॉम्प्युटरला पुरवतात, मोबाइल डेटा जात नाही. ही युक्ती निदानालाही उपयोगी आहे: टेदरिंगवर सगळं सुरळीत चाललं तर विंडोज ठीक आहे, बिघाड वाय-फाय कार्डात किंवा त्याच्या ड्रायव्हरमध्ये आहे.

नेमकं केव्हा आणि का तुटतं हे कळत नसेल तर अ‍ॅडमिन म्हणून उघडलेल्या खिडकीत नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट द्या. गेल्या तीन दिवसांतल्या प्रत्येक जोडणीचा आणि तुटीचा वेळ व कारण असलेलं पान तयार होतं आणि ते कुठे साठवलं ते खिडकीतच लिहून येतं. हे साधन फार कमी लोक वापरतात आणि अंदाजाने केलेल्या दहा प्रयत्नांपेक्षा ते जास्त सांगतं.

राउटरची वाय-फाय सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या प्रकारावर ठेवली असेल तर जुनी कार्डं जोडलीच जात नाहीत, पासवर्ड बरोबर असूनही. डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र ठेवा.

नाव सापडत नाही तेव्हा

८.८.८.८ चालतं, नावं चालत नाहीत. एनएसलुकअप गूगल डॉट कॉम करा, मग तेच पुढे ८.८.८.८ जोडून करा. पहिलं अडकलं आणि दुसरं चाललं तर राउटरची डीएनएस सेवा गुदमरली आहे. सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, हार्डवेअर प्रॉपर्टीज, तिथे डीएनएस सर्व्हर असाइनमेंटसमोर एडिट, मॅन्युअल, आयपीव्ही४ चालू, आणि पहिला १.१.१.१, दुसरा ८.८.८.८ भरा. मग आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करू नका, तिथल्या आतल्या साइट्स कंपनीच्याच डीएनएसला माहीत असतात.

एकाच ब्राउझरमध्ये बिघाड असेल तर त्या ब्राउझरचं स्वतःचं ‘सिक्युअर डीएनएस’ बंद करून बघा. सगळ्या ब्राउझरांत असेल तर सेटिंग्जमधलं प्रॉक्सीचं पान उघडा. तिथे १२७.०.०.१ असा मॅन्युअल प्रॉक्सी चालू दिसला तर तो काढून टाकलेल्या व्हीपीएनचा, नाहीतर मालवेअरचा अवशेष. बंद करा आणि पूर्ण स्कॅन चालवा. व्हीपीएनमधला ‘किल स्विच’ (व्हीपीएन तुटला की इंटरनेट अडवणारी सोय) आणि दोन अँटिव्हायरस एकत्र असणं, हेही नेहमीचे गुन्हेगार. तपासायचं असेल तर तात्पुरतं बंद करून भागत नाही, काढून टाकून रीस्टार्ट करावं लागतं, कारण त्यांचे फिल्टर बंद स्थितीतही बसलेले असतात.

जुन्या डेस्कटॉपवर सगळ्याच साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणायला लागल्या तर कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि साइटांची प्रमाणपत्रं अवैध ठरतात. ३ व्होल्टचा हा सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळतो.

काही साइट उघडतात, काही कायम अर्ध्यावर थांबतात, हे पॅकेटच्या आकाराचं लक्षण आहे. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटात ८ बाइट खातं, म्हणून १५०० ऐवजी १४९२ उरतात. पिंग -एफ -एल १४७२ ८.८.८.८ करा. उत्तर आलं तर १५०० पूर्ण जातात. तुकडे करावे लागतील असा संदेश आला तर १४६४ करून बघा. ते गेलं तर राउटरच्या वॅन सेटिंगमध्ये एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ हवा, कारण १४६४ मध्ये शीर्षकांचे २८ बाइट मिळवले की १४९२ होतात. तेही गेलं नाही तर दहा-दहाने उतरत जा, जिथे उत्तर येईल त्यात २८ मिळवा.

विंडोजची मांडणी बिघडली असेल तर

बिघाड कॉम्प्युटरमध्येच आहे हे ठरल्यावर, आणि त्यानंतरच, अ‍ॅडमिन खिडकीत या क्रमाने द्या: आयपीकॉन्फिग /रिलीज, आयपीकॉन्फिग /रिन्यू, मग नेटएसएच विनसॉक रीसेट, नेटएसएच इंट आयपी रीसेट. त्यानंतर रीस्टार्ट, शट डाउन नव्हे. फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाउन केलं तर विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून तोच परत उठवला जातो, ड्रायव्हरसकट. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं. एवढ्यानेही झालं नाही तर सेटिंग्जमध्ये अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, नेटवर्क रीसेट. त्याने साठवलेले वाय-फाय पासवर्ड आणि व्हीपीएनची जोडणी जाते, म्हणून आधी लिहून ठेवा. फॉरमॅटची पाळी यानंतर येते, आणि क्वचितच येते.

लाइनचा दोष ठरला तर तक्रार करताना ‘नेट स्लो आहे’ एवढं सांगू नका. केबलने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून गेटवेचं आणि ८.८.८.८ चं ५०-५० पिंग घ्या, दोन्हींचे फोटो काढा, आरएक्स पॉवर आणि तुटण्याच्या वेळा लिहा. ट्रेसर्ट -डी ८.८.८.८ चं चित्रही जोडा, पण त्यात मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले तर घाबरू नका. पुढच्या ओळी उत्तर देत असतील तर ते यंत्र फक्त पिंगला उत्तर द्यायचं टाळतंय. गेटवे ० टक्के गळती, बाहेर ८ टक्के, असा पुरावा समोर ठेवला की ‘तुमच्या लॅपटॉपचा प्रॉब्लेम आहे’ म्हणता येत नाही. तक्रारीचा डॉकेट क्रमांक मागून घ्या. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक सेवादात्याकडे तक्रार केंद्राच्या वर अपील प्राधिकरण असतं, आणि तिथे जाताना हाच क्रमांक द्यावा लागतो.